शिडीचा निकाल

नोंग कार्पोला आपण चुकलो असं कधी वाटलंच नाही, आणि बऱ्याचदा तो चुकलेलाही नसे. बांतायान बेटाच्या त्या किनाऱ्यावर होड्या बांधणारी घरं बरीच; पण एखादी होडी उलांडीचा, म्हणजे बाजूला बांधलेल्या तोलाच्या लाकडाचा, जराही आवाज न करता लाटेवर चढली की लोक न बघता सांगत, ही कार्पोची. गुडघे दुखरे, हात अलीकडे जरा थरथरणारे, आवाज मात्र खणखणीत. सगळा गाव थोरल्या भावाचा मान देऊन त्याला नोंग म्हणे, आणि तो मान त्याच्या अंगाला बरोबर बसला होता.

गावच्या पंचांतही त्याची खुर्ची ठरलेली. शिडीचा निकाल त्याचाच. मागच्या साली बेर्तिंग नावाच्या गृहस्थाने होणाऱ्या जावयाला शब्द दिला होता, की फिएस्टाच्या, गावजत्रेच्या, आत माझं छप्पर शाकारून दे, घरची डुकरीण तुझी. पोरगा काम झपाट्याने उरकतोय असं दिसल्यावर बेर्तिंगने शिडीच लपवली. फिएस्टा आला नि गेला, छप्पर अर्धंच. "काम पुरं नाही, तर डुकरीण कसली?" म्हणत तो पंचांसमोर छाती पुढे काढून बसला. कार्पोने त्याला पोटभर बोलू दिलं आणि मग मांडीवर थाप मारली. "ज्याने द्यायचं त्यानेच वाट अडवली, तर अट पुरी झालीच असं धरायचं. देशाचा कायदा आहे बाबा, माझ्या घरचा नाही. छप्पर झालं! सोड डुकरीण!" लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. त्यानंतर माडी प्यायला जमलेल्या प्रत्येक बैठकीत हा निकाल कार्पोने न विचारता ऐकवला.

शब्द त्याचाही एक दिलेला होता.

धाकटा भाऊ वारल्यावर त्याची मुलगी नेल्फा कार्पोच्या शेडमध्ये कामाला येऊ लागली. कार्पोचा स्वतःचा मुलगा जहाजावर. लाकडाच्या भुशाने त्याला शिंका येत. नेल्फा मात्र वर्षानुवर्षं मजुरी न घेता राबली, ती एका शब्दावर. चारचौघांत कार्पो म्हणाला होता, "तू एकटीने बांधलेली होडी समुद्रात जाऊन मासे घेऊन आली, की ही शेड तुझी, अवजारं तुझी." म्हणताना तो गालात हसला होता. पोरीच्या हातून एवढं व्हायचं नाही, अशी त्याची खात्री होती.

झालं की! यंदा पावसाळ्यानंतर नेल्फाची होडी उभी राहिली. कार्पोने तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, बोटं फिरवली, वाकून तळ पाहिला. खोट सापडेना. उलांडीचा बाक तर त्याच्या हातच्या कामापेक्षा देखणा होता. त्याला अभिमान वाटला, आणि मग भीती वाटली. शेड गेली तर सकाळी उठून जायचं कुठे? असा प्रश्न त्याला आयुष्यात कधी पडलाच नव्हता.

आता तिकडची रीत अशी, की नवी होडी पाण्यात ढकलण्याआधी तिच्या तोंडाला कोंबड्याचं रक्त लावायचं, आणि तेही होडी बांधायला शिकवणाऱ्या उस्तादानेच. तोवर गावातला एकही माणूस तिला हात लावत नाही. कार्पो काही रक्त लावीना.

"तियो, आज लावता ना?" नेल्फा काकाला विचारी.

"चंद्र कुठे बरा आहे?"

चंद्र बरा झाला तेव्हा कोंबड्याचा रंग वाईट निघाला. रंग जमला तेव्हा काकांचा गुडघा धरला. शेवटी नेल्फा म्हणाली, "तियो, तुमचा गुडघा मला बघितल्यावरच धरतो होय?" आणि ती सरळ पंचांकडे गेली.

पंचायतीच्या दिवशी कार्पो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सवयीने आपल्या खुर्चीत बसला. कपिताना सोलिंग, म्हणजे गावची प्रमुख, घसा खाकरून म्हणाली, "नोंग, आज तिथे नाही. समोर बसा."

"समोर तर समोर. खुर्चीने काय होतंय!" तो ऐटीत उठला. "एवढंच सांग, कपिताना. होडी समुद्रात गेली? नाही. मासे आले? नाही. मग शेड कशाची मागते ही?"

"का नाही गेली?"

"रक्त लागलं नाही म्हणून."

"कुणी लावायचं होतं?"

"मी. पण माझा गुडघा..."

"गुडघा राहू द्या," सोलिंग हळूच म्हणाली. "नोंग, बेर्तिंगची शिडी कुठे सापडली होती हो?"

मागच्या बाकावर बसलेला बेर्तिंग सगळ्यांत मोठ्याने हसला. कार्पोने नेल्फाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिच्या हातांवर तासणीचे जुने वण होते, आणि त्यांतला प्रत्येक वण तिला कार्पोच्या शेडमध्येच पडला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

पण माणूस कार्पो होता. दुसऱ्याच्या तोंडून निकाल ऐकून घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो उभा राहिला, मांडीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ज्याने द्यायचं त्यानेच वाट अडवली. होडी गेली आणि मासे घेऊन आली, असंच धरा! शेड पोरीची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपला लाडका लाल कोंबडा काखेत घेऊन शेडवर गेला. हा कोंबडा झुंजीत कधी हरला नव्हता. शेजाऱ्यांनी कितीदा मागूनही त्याने दिला नव्हता.

"आता कशाला, तियो? शेड तर माझी झाली."

"शेडचं काय घेऊन बसलीस? होडी कोरडी आहे अजून."

त्याने रक्त लावलं. माणसं धावत आली, होडी उचलली, पाण्यात सोडली, दोघे मासे धरायला तीत चढले. होडी चढत्या लाटेवर निमूट चढली, उलांडीचा आवाज नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत कार्पो बघत राहिला. मग घराकडे वळला.

"कुठे निघालात?" नेल्फाने हाक मारली. "फेलीने नवी होडी सांगितलीय, तिचा कणा कोण तासणार?"

तो थांबला. "हात थरथरतात माझे, पोरी. बिघडला कणा तर? मध्येच दमलो तर? उद्या उठताच आलं नाही मला, तर?"

नेल्फाने तासणी त्याच्या हातात दिली.

"तियो," ती म्हणाली, "मी काही अट घातली का?"