हिमनदीचा दहावा

औरंगपुऱ्यात अप्पारावाचं फ्लेक्सचं दुकान आहे. गेली वीस वर्षं शहरातल्या निम्म्या वाढदिवसांना आणि निम्म्या मरणांना त्याचाच हात लागलेला. माणूस कामाला चोख, पण एक खोड होती. त्याला लोकांना विज्ञान सांगायचं असे. समुद्र किती तापला, मंगळावर काय सापडलं, असलं नवं संशोधन तो वाचायचा, दोन ठिकाणी पडताळून बघायचा आणि फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यांवर छापून मुकुंदवाडीत घराबाहेर टांगायचा. वाचत कुणीच नसे. शनीभोवती एकशे अठ्ठावीस नवे चंद्र मोजले गेले, त्याचा बोर्ड तर तिसऱ्या दिवशी एका गोठ्याच्या गळक्या पत्र्याखाली ताणून बांधलेला दिसला. अक्षरं खालच्या बाजूला होती, तेव्हा म्हशींनी वाचला असेल.

शेवटी बायको, आवडाबाई, वैतागली. "अहो, एक माणूस दाखवा मला. वरपासून खालपर्यंत वाचलेला एक! ह्या रविवारपर्यंत नाय घावला, तर हे ग्रह-तारे बंद. कायमचे."

अप्पारावानं शब्द दिला आणि मग हिशेब मांडला. हे बंद झालं की आयुष्यात उरणार काय, तर भावी नगरसेवकांचे वाढदिवस.

पण गडी धंद्यातला मुरलेला होता. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लोक फक्त आपला फोटो शोधतात, हे त्याला ठाऊक होतं. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मात्र थांबून वाचतात, कारण तळाशी दहावा कुठं आणि किती वाजता ते असतं. बस्स, ठरलं. त्यानं काळ्या पट्टीत 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापलं. गोलात बर्फाचा फोटो टाकला, तो इतका पांढरा की फोटो छापायचा राहिलाय असं वाटावं. मध्ये मजकूर: व्हेनेझुएला देशातली शेवटची हिमनदी आटत आटत पाच एकरांवर आली. हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनानं हळूहळू सरकणारा बर्फ. सरकण्याइतकं वजनच उरलं नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी तिला हिमनदी म्हणणं सोडलं. या शतकात जगातल्या हिमनद्या दरवर्षी सरासरी दोनशे त्र्याहत्तर अब्ज टन बर्फ गमावत आहेत. आणि तळाशी, रिवाजाप्रमाणे: दहावा, रविवार सकाळी दहा, अप्पारावांचे निवासस्थान. फ्लेक्स त्यानं घराच्या गेटवर टांगला.

रविवारी पावणेदहालाच अंगण भरलं. साठ-सत्तर माणसं, पांढऱ्या टोप्या, खाली घातलेल्या माना. शेजारणींनी पिठलं-भाकरीची टोपली आणली, कारण दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत. दुकानाशेजारचा चहावाला शौकत चहाचा थर्मास घेऊन आला, अप्पारावाचा हात दाबून म्हणाला, "सबर करो अप्पाभाई." आवडाबाई दारात उभी. तिला धडधाकट बघून बऱ्याच जणांचा एक अंदाज चुकला. पण कोण गेलं, हे कुणीच विचारेना. दुःखाला जाऊन असलं विचारायचं नसतं, नुसतं बसायचं असतं.

अप्पारावाला भरून आलं. एवढी माणसं, वाचून आलेली! त्यानं घसा खाकरला आणि सुरुवात केली. "तिचं दुखणं लई जुनं. हवा तापत गेली तशी ती खंगत गेली. शेवटी शेवटी तर सरकणंही बंद झालं."

"आमच्या मामींचं असंच झालं," मागून कुणीतरी उसासा टाकला. "कुशीवर वळता येत नव्हतं."

"आपण सगळ्यांनी मनावर घेतलं असतं तर वाचली असती," अप्पाराव म्हणाला. सगळ्यांनी अपराधी माना हलवल्या.

मग नानासाहेब उठले. मुकुंदवाडीतल्या कुठल्याही मयतीला भाषण त्यांचंच. "त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या," त्यांनी सुरुवात केली. "त्यांच्या दारातून कुणी कधी विन्मुख गेलं नाय. त्यांच्या जाण्यानं वॉर्डात न भरून येणारी पोकळी..." आणि वाकून अप्पारावाच्या कानात, "नाव काय त्यांचं?"

"नाव कशाला? हिमनदी. व्हेनेझुएलाची."

नानासाहेबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "म्हंजे मेलं कोण?" हा प्रश्न त्यांनी मोठ्यानं विचारला आणि अंगणात कल्लोळ उडाला. ओरडणाऱ्यांत मधला मजकूर एकानंही वाचलेला नव्हता. वर श्रद्धांजली वाचली, खाली पत्ता वाचला, चालू लागले. आता सगळे शिव्या देत उठले. एका शेजारणीनं तर रागानं भाकरीची टोपली परत नेली.

रिकाम्या अंगणात अप्पाराव खाली बघत बसला. हरला होता तो.

कोपऱ्यात गल्लीतली म्हातारी मनकर्णाबाई तेवढी बसून होती. "अप्पा," ती म्हणाली, "पाटी वाचली मी. अक्षर अक्षर लावून दोन दिस लागले. पर तुझं एक राहिलंय."

"काय, मावशी?"

"तिच्या मागं कोण कोण हाय, ते नाय लिहिलंस. मेल्या माणसाच्या मागं कुणीतरी असतंय की रं."

आवडाबाई आत गेली, मार्कर घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. "घावला की एक माणूस. आता लिहा. पयलं माझं नाव लिहा. मग मावशीचं."

त्यानं गेटवरच्या फ्लेक्सवर लिहिलं: पश्चात, आवडाबाई, मनकर्णाबाई, अप्पाराव.

संध्याकाळी नानासाहेब भांडायला आले आणि गेटपाशीच थबकले. ओळींवरून बोट फिरवत त्यांनी फ्लेक्स वरून खाली वाचला. मग पुन्हा, सावकाश, एकेक ओळ, पाच एकर, दोनशे त्र्याहत्तर अब्ज टन, सगळं. आवडाबाई खिडकीतून बघत होती.

"अप्पाराव," त्यांनी हाक मारली, "ह्याच्यात माझं नाव कुठंय?"

अप्पाराव मार्कर घेऊन बाहेर गेला आणि त्यानं त्यांचं नाव लिहिलं.