न मागितलेली देणगी

सत्तरच्या दशकात आमच्या जिल्ह्यात एका ट्रस्टचे रुग्णालय होते. श्रीमंत रुग्णाकडे देणगी मागण्याची तिथली वेळ ठरलेली असे: ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, चहानंतर. मोठे डॉक्टर एकटे येत, खुर्ची पलंगाजवळ ओढून नाडी पाहत आणि मनगट हातात असतानाच रुग्णालयाला काय कमी पडते ते सांगत. सक्ती मुळीच नसे. नाही म्हणायला रुग्ण पूर्ण मोकळा असे. फक्त सकाळी चाकू त्याच डॉक्टरांच्या हाती असे. या मोकळिकीतून दोन वॉर्ड आणि एक विहीर झाली होती. तिथे गरिबांवर फुकट उपचार होत, हेही नोंदवायला हवे.

माझ्या मामांना लघवीच्या त्रासासाठी तिथे दाखल केले. कारंज्याकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा आणि मालट्रक होते. मी नागपूरच्या एका दैनिकाचा वर्ध्यातला बातमीदार, म्हणजे नातलगांच्या मते रिकामा. म्हणून त्यांच्याजवळ बसायला मला नेमले.

मोठे डॉक्टर रजेवर होते. ऑपरेशन नवे, तरुण डॉक्टर करणार होते. उपचार चालू असताना रुग्णाकडे काही मागणार नाही, असे त्यांनी ट्रस्टला बजावले होते. दुसरा सर्जन मिळेना, म्हणून ट्रस्टने हे तत्त्व मान्य केले होते.

ठरल्या संध्याकाळी ते आले, ऑपरेशन समजावले आणि गेले. मामा दाराकडे पाहत राहिले.

"काही मागितलं नाई?"

"नाही, मामा. चांगलंच झालं की."

"आपल्या व्याह्याले मागितलं. थ्या तेलवाल्याले मागितलं. मंग मलेच काऊन नाई?"

"मी म्हणत होती, नवं धोतर नेसा," मामी म्हणाल्या. "याच्यापाशी काही नाई, असं वाटलं असन त्याइले."

"तू चूप राह्य. बहार पाहून व्यापारी सौदा करते. झाड वाळून राह्यलं असन तं बागेत पायही ठेवत नाई. मी काही वाचत नाई आता."

सकाळी मामांचा रक्तदाब इतका चढला होता, की ऑपरेशन पुढे ढकलावे लागले. मामांना हा पुरावाच मिळाला. त्यांनी मुलाला बोलावून घेतले आणि ट्रकांच्या वाटण्या सुरू केल्या. मामींनी केळझरच्या गणपतीचा नवस वाढवला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, उपयोग शून्य. शेवटी मी त्यांना खरे कारण सांगितले.

"म्हणजे मी मागायचं?"

"नाही मागितलंत तर ते खचतील."

"आणि मागितलं तर?"

"कुरकुरतील."

डॉक्टर तत्त्वाला चिकटून राहिले. मामांच्या शेजारी बसून ते म्हणाले, "पाटील, रोग साधा आहे. आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी मागत नाही."

ते बाहेर पडताच मामा माझ्याकडे वळले. "किती गोड बोलून राह्यला पाह्य. आता तं नक्कीच."

दाब आणखी चढला. बातमी ट्रस्टच्या सचिवांपर्यंत गेली. ते स्वतः आले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि नव्या ऑपरेशन थिएटरचा अख्खा खर्च मागितला. मामा उठून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घासाघीस केली नाही. सचिव गेल्यावर त्यांनी भाकरी मागवली. दोन दिवसांत दाब उतरला, ऑपरेशन झाले आणि मामा पुढे अनेक वर्षे मजेत जगले.

ट्रस्टला यातून एक शास्त्रीय सत्य गवसले. यापुढे श्रीमंत रुग्णांकडे आधी तरुण डॉक्टरांना पाठवावे आणि त्यांनी नेहमीप्रमाणे काहीही मागू नये, असे ठरले. सचिव मागाहून जात. देणग्या वाढल्या.

आपले तत्त्व कोणत्या कामी येते आहे, हे कळताच तरुण डॉक्टरांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांना तत्त्वे नव्हती. ते सरळ मागत. त्यामुळे वसुली पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आली.