वलगावात वलगावकर शोधताना

कापसाच्या जिनापाशी सरकीचा वास आला की मले वलगावच्या त्या खेपा आठवतात. आमचा आजा वलगाव सोडून अकोटले जिनावर कामाले आला, अन् इथल्या लोकांनी आमाले वलगावकर करून टाकलं. थोरल्या बहिणीचे डोळे जाऊन राहिले होते. ती म्हणे, "दिसते तोवर आज्याच्या घराची जागा दाखव रे." मी एस.टी.नं वलगावले गेलो, पारावर छाती काढून विचारलं, "वलगावकरांचं घर कोणतं?" सारा पार हसला. "काका, इथं आमी सारेच वलगावकर!" मी तणतणत परत आलो. दुसऱ्या खेपेले दुसऱ्या गल्लीत तेच विचारलं, तिथंही तेच हसू. तिसऱ्या खेपेले तूर पाखडणारी एक म्हातारी खेकसली, "आडनाव काहून सांगून राहिले? अकोटले कोण गेलं ते विचारा ना!" मी राग गिळला अन् तसं विचारलं. "जिनावर गेलेला? माझी सासू सांगे, तो आमच्या शेजारचा," म्हणत तिनं निंबाखालची पडकी जागा दाखवली. बहिणीले घेऊन गेलो तोवर तिले दिसणं बंद झालं होतं. तिनं माती चाचपली, बोटं हुंगली अन् म्हणाली, "अकोटले कोण गेलं ते विचार, असं मी तुले पहिल्याच खेपेले सांगतलं होतं." आता टोकायले ती नाही. मी आजीचं माहेर शोधून राहिलो, अन् पारावर उभा राहिलो की तोंडातून पहिले आडनावच निघते.