उलटी लेन्स

आईचा एकटीचा एकही फोटो घरात नाही, हे ती गेल्यावरच आमच्या लक्षात आलं. बाबा रेल्वेतले, पण फोटोंची हौस अशी की अख्ख्या पाऱ्यातली, इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात, लग्नं-बारशी त्यांनी टिपली. आई मात्र कॅमेरा बाहेर निघाला की स्वयंपाकघरात पळायची. राहिला तो आधार कार्डावरचा फोटो. त्यात ती कुणावर तरी खेकसायच्या बेतात आहे.

तिच्या पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन तोंडावर आलं होतं. पाहुणे येणार, फुलं वाहणार, ती कशावर वाहणार? "तो फोटो मी भिंतीवर लावू नाही देणार," बाबांनी सांगून टाकलं, आणि निगेटिव्हचा डबा मांडीवर घेऊन बसले.

सापडली ती माझ्या वाढदिवसाची पट्टी. पुढे केकसमोर मी, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात मुंगीएवढी आई. चौबे कॉलनीतल्या आमच्या नेहमीच्या स्टुडिओवाल्यानं ती उजेडात धरून मान हलवली. "दीदी, इसमें चेहरा नहीं निकलेगा."

मग निगेटिव्हमधल्या आईचाच फोटो घ्यायचं मी ठरवलं. इतक्या जवळून टिपायला मॅक्रो लेन्स लागते आणि माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला ती नव्हती. "माही लेन्स आहे ना," बाबा म्हणाले. त्यांचा जुना कॅमेरा कधीच बंद पडला होता, पण लेन्स त्यांनी मलमलच्या फडक्यात जपली होती. हा वाढदिवसाचा फोटोही तिनंच टिपलेला. फक्त तिची खाच माझ्या कॅमेऱ्यात बसेना. मी मधे लावायची रिंग मागवली. ती आल्यावर बाबांना आधी तेलीबांध्याच्या तलावावर जायचं होतं. पलीकडचा काठ दिसल्याशिवाय लेन्स चांगली आहे, हे मानायला ते तयार नव्हते.

पलीकडचा काठ दिसला नाहीच. रिंगेच्या जाडीनं लेन्स जरा पुढे सरकली होती, त्यामुळे तिला जवळचं दिसे, दूरचं सारं धुकं. मी हे समजावत होते, पण बाबांचा चेहरा उतरला तो उतरलाच. "मी बी बिघडलो, हे बी बिघडली," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

तरी या जोडणीत आई जेमतेम तिळाएवढीच येत होती. मग कुठेतरी वाचलं की लेन्स उलटी बसवायची, पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे. त्याला खाचेची गरजच नाही, वेगळी रिंग मिळते. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे पोकळ नळ्या घातल्या की वस्तू आणखी मोठी दिसते. बाबा खवळले. "लेन्स आहे का बनियान, उलटी घालाले?"

शेवटी एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर संसार मांडला. उभ्या टेकवलेल्या मोबाईलचा उजळ पांढरा पडदा, त्यापुढे बटर पेपर, मग दोन काचांमध्ये निगेटिव्ह. समोर कॅमेरा, आईच्या पोळपाटावर. बाबा सवयीनं फोकसची रिंग फिरवत बसले.

"बाबा, काहून फिरवून राहिले? उलट्या लेन्सले त्यानं काही होत नाही. पोळपाट सरकवा."

"तू सरकव, मले नको शिकवू," म्हणत त्यांनीच पोळपाट सरकवला, इतका हळू की माझा जीव टांगणीला लागला.

पहिला फोटो लॅपटॉपवर घेऊन काळ्याचं पांढरं केलं. दारात एक बाई उभी राहिली. बाबा वाकून पाहत होते.

"हे कोन्या गुजरात्याची बाई आहे? तुह्या मायनं उजव्या खांद्यावर पदर घेतला का कधी?"

मी निगेटिव्ह पालथी ठेवली होती. पट्टी उलटवली, पोळपाट पुन्हा सरकवला. पदर डाव्या खांद्यावर आला, आणि पडदाभर आईचा चेहरा. दाणेदार, थोडा पुसट, पण तीच. ती पळत नव्हती, लपत नव्हती. सरळ लेन्सकडे, म्हणजे बाबांकडे पाहत होती, आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं.

मी म्हटलं, "थोडी ब्लर आहे. कंप्युटरवर साफ करून टाकते."

"नाही. राहू दे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "फोकस तुह्यावर होता ना."

"आई बोलून राहिली वाटते काहीतरी."

"हव." त्यांनी मान डोलावली.

"काय?"

"तेच, जे दर खेपेले म्हने." बाबा पडद्यावरच्या आईकडेच पाहत होते. "माह्याकडे नका पाहू, पोरगी साफ आली पाहिजे."