खाडीने नेलेलं चित्र

हा लेख मी खूप लांबवला. संपादकांचा फोन आला की मी कधी कोकणच्या वाटेला लागलेला असायचो, कधी वाशीच्या पुलावर नुसताच पाणी बघत उभा. पण भटकणं हे निमित्त. मंदाताईंबद्दल लिहायला बसलो की पोटात दुखतं, हे खरं कारण. गौरवलेखात असं लिहीत नाहीत. पण गुळगुळीत लिहिलं तर ताई पहिल्याच ओळीत पकडतील.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होतो. सुट्टीला दिवाळे गावच्या धक्क्यावर होड्या रेखाटायचो. तिथे सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी ताई उकिडव्या बसून माशांची खवलं वेचत होत्या. याचं काय करणार, मी विचारलं. चंद्र, त्या म्हणाल्या. शेजारी मासळी विकणाऱ्या हिरामावशींनी मला सांगितलं, "चिखलवाली हाय ती. नादी लागू नको."

मी लागलो. शिरवण्याच्या त्यांच्या कामाच्या गाळ्यात तो चंद्र पाहिला: खाडीचा गाळ, फाटकं जाळं, मीठ, तिवराची पानं, आणि वर खवल्यांचा उजेड. मी अर्धा देश पालथा घातलाय, ताई पनवेलपलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. तरी मला जे कुठेच दिसलं नाही ते त्यांना घरापासच्या चिखलात दिसलं. तेव्हाची जळजळ अजून आहे.

ताई चित्र अर्धंच करतात, उरलेलं खाडीवर सोपवतात. चित्राची फळी खाडीतल्या खुंटाला बांधायची, भरती वरून जाऊ द्यायची, आणि धुऊन गेलेलं पुन्हा भरायचं नाही. एका बिल्डरसाहेबांना लॉबीसाठी एक चित्र हवं होतं. तिथे एसी असतो हे कळल्यावर ताईंनी सरळ नकार दिला. "खाडी सुकेल तिथे," म्हणाल्या.

त्यांच्या हाताखाली शिकत असताना मी एकदा न सांगता हिमाचलात पळालो. महिन्याभराने परतलो, तर माझं अर्धवट चित्र ताईंनी रोज फडकं ओलं करून जपलं होतं, गाळ तडकू नये म्हणून. कुठे होतास, हे त्यांनी विचारलं नाही; जेवलास का, एवढंच विचारलं. एवढ्या मोठ्या कलावंताने वर चांगलंही असावं, हे जरा जास्तच झालं.

यंदा पंच्याहत्तरीच्या प्रदर्शनासाठी त्यांनी ‘खाडीची आई’ केली. मुख्य भिंत तिचीच होती. शेवटच्या भरतीसाठी ती बांधली, शेजारी माझीही एक फळी. गाठी दोन्ही ताईंच्याच हातच्या. सकाळी गेलो तर उधाणाने आई नेली होती, आणि माझं चित्र एक रेघही न पुसता जागच्या जागी.

"माझं ठेवून घेतलं रे खाडीने," ताई म्हणाल्या. "तुझं अजून पटलेलं दिसत नाही."

हरवलेल्या चित्राचाही हेवा वाटला मला.

दुसरी आई करायला त्या तयार नाहीत. भिंत रिकामी राहू दे, म्हणतात. पण रोज संध्याकाळी खाडीकाठाने तिवरांत डोकावत फिरतात. ते बघवत नाही.

ताईंना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे चिखलात उतरण्याइतके धड राहोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत. यात माझा स्वार्थ आहे. ताईंच्या देखत मला त्यांच्याहून चांगलं चित्र काढायचंय, आणि माझा वेग बघता त्यांनी शंभरीपुढे जाणं भाग आहे.

ताईंच्या गाळ्यात बसून इथवर लिहिलं आणि दारात हिरामावशी आल्या आहेत. आजवर त्यांनी ही पायरी चढलेली नाही. आई त्यांच्या जाळ्यात सापडली म्हणतात, पण हात रिकामेच. ताई ओल्या हातांनी तशाच बाहेर आल्या आहेत, आणि मावशी त्यांना सांगतायत, "हलदकुंकू लावून घरी बसवली हाय तिला. आता उठवून कशी आनू? तुझी चित्र बघनारी मानसाच तिकरं घेऊन ये."