डुकराच्या पोटातलं इमान

माझी भाची पशुवैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करते. तिने मला सूक्ष्मदर्शकातून डुकराच्या आतड्याच्या अस्तरातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी दाखवल्या. काल त्या मोहरीसारख्या सुट्या पडून होत्या म्हणे. चेतवणारं औषध घातलं, तशा फुगून, एकमेकींना बिलगून त्यांनी घोळके केले होते.

“आणि डुक्कर कुठंय?” मी विचारलं.

“ते परवाच कत्तलखान्यात कापलं, मावशी.”

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. ज्याला वाचवायचं, तो जीव कुणाच्या तरी घरी शिजूनही झाला. आणि या पेशी अजून त्याच्यासाठी कंबर कसून उभ्या! रस्त्यात डुक्कर दिसलं की मी नाकाला पदर लावते. त्याच्या पोटात एवढं इमान?

भाचीने पेशींची तबकडी अलगद उबदार पेटीत ठेवली.

“डुकराच्या अंगाइतकीच ऊब द्यावी लागते,” ती म्हणाली, “नाहीतर त्यांना कळतं.”