जुन्याच फाईलवर नवं नाव

माझ्यासोबत काम केलेले एक हवालदार गेल्या महिन्यात वारले. त्यांना पोचवून आल्यापासून एक प्रकरण सारखं आठवतं. तसं ते कधी विसरलोही नव्हतो.

झरीच्या एका शाळेत नुकत्याच लागलेल्या शिक्षिकेविरुद्ध बनावट अनुभव प्रमाणपत्राचा तक्रार अर्ज आमच्या ठाण्यात आला. प्रमाणपत्र मानवतच्या एका खाजगी शाळेचं होतं. पडताळणीत त्या शाळेनं कळवलं, की बाई आमच्याकडे शिकवत होत्या, पण हे प्रमाणपत्र आमचं नाही. त्यावरचा जावक क्रमांक दुसऱ्याच शिक्षकाच्या प्रमाणपत्राचा आहे. सही माझ्या सहीसारखी दिसते पण खात्री देत नाही, असं त्या शाळेच्या संस्थेचे सचिव म्हणाले. हस्ताक्षर तज्ज्ञांचा अहवाल यायला महिने लागतात. तोवर बाईंची नोकरी जाणार, आणि गुन्हा दाखल झाला तर पुन्हा कुठलीच शाळा त्यांना उभं करणार नाही, हे उघड होतं.

चौकशीत बाई रडल्या नाहीत. लिपिकानं हातात दिला तो कागद घेतला, क्रमांक कोण बघतं, एवढंच सांगत राहिल्या. आम्ही मानवतला गेलो. लिपिक ठाम होता, नवा क्रमांक टाकल्याशिवाय मी प्रिंट काढतच नाही. संगणकात बाईंच्या नावाची फाईलही नव्हती. माझा संशय बाईंकडे वळू लागला.

हवालदारांनी चहा संपवला आणि लिपिकाला म्हणाले, "मामा, माझ्या नावाचं एक काढून दाखवा. रिटायर झाल्यावर मलाबी मास्तर व्हायचंय."

लिपिक हसला. त्यानं जुनी फाईल उघडली, आधीचं नाव खोडून हवालदारांचं टाकलं, सेव्ह केलं आणि प्रिंट काढली. जावक क्रमांक जुनाच राहिला होता.

"आन् आधीच्या माणसाची फाईल?"

"ती हीच की." त्याचा आवाज उतरला.

सचिव परभणीला राहत. मग मजकूर त्यांना दाखवता कसा, असं मी विचारलं. वर्डची फाईल मोबाईलवर उघडली की मराठी अक्षरं मोडतात, म्हणून तो पीडीएफ करून पाठवायचा. पाठवल्यावर त्या पीडीएफ कुठं राहतात, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शोधल्यावर एका फोल्डरमध्ये सगळ्या सापडल्या, प्रत्येक नावाची वेगळी. त्यांत बाईंचं प्रमाणपत्र होतं, त्याच जुन्या क्रमांकासह. सचिवांच्या मोबाईलमध्येही ते निघालं. खाली त्यांनीच 'ठीक आहे' असं लिहिलं होतं.

पंचनामा केला, जबाब घेतले आणि गुन्हा दाखल न करता अर्ज निकाली काढला. लिपिक खोटं बोलला नव्हता. रोजचं काम आपण कसं करतो, हे माणसाला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. पुढच्या चौकशांत मी 'सांगा' कमी आणि 'करून दाखवा' जास्त म्हणू लागलो.

ठाण्यातून जाताना बाईंनी हवालदारांना विचारलं, "काका, तुमचा माझ्यावर विश्वास होता का?"

"न्हाई, बाई," ते म्हणाले. "म्हणून तर बघून घेतलं."

मी तोवर बाईंवर विश्वास ठेवावा की लिपिकावर, यातच अडकलो होतो. त्यांनी दोघांपैकी कुणालाच निवडलं नव्हतं.